धसका

आमच्या लहानपणी पंचवटीत कुणी एकाएकी अबोल झाला, रात्री दचकून उठू लागला किंवा भरल्या ताटावरून उठून जाऊ लागला, की आळीतल्या बायका दोन शब्दांत निदान करून मोकळ्या होत : "धसका घेतलाय." मग मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढायची, अंगारा लावायचा, पळीभर तीर्थ पाजायचे. काहींना गुण येई. ज्यांना येत नसे त्यांच्याविषयी पुढे कुणी बोलत नसे. कॉलेजात गेल्यावर मला हा शब्द फार अडाणी वाटू लागला होता. पुढे माझ्याच घरात धसका येऊन बसला, आणि त्याला उठवता उठवता आमची वर्ष-सव्वा वर्षाची पुंजी खर्ची पडली, तेव्हा कळले की त्या बायकांचे निदान काही चुकीचे नव्हते. उपचार मात्र अपुरे होते.

27 ऑगस्ट 2003, बुधवार. श्रावणी अमावास्या, म्हणजे पोळा, पिठोरी आणि त्या वर्षी सिंहस्थातले शाहीस्नानही. आई तेव्हा साठीची होती. रोज पहाटे रामकुंडावर जायचे हा तिचा लग्न होऊन नाशकात आल्यापासूनचा नेम. "पुढची पर्वणी बारा वर्षांनी. तेव्हा मी असेन नसेन," असे म्हणून तिने मला सोबत काढले. काळ्या रामाच्या बाजूने सरदार चौकाकडे उतरणाऱ्या बोळात पोचलो तर पुढे वाट अडलेली. साधूंची मिरवणूक जाईपर्यंत सर्वांनी थांबायचे. मी आईला एका ओट्यापाशी उभी केली आणि म्हणालो, "तू इथेच थांब. मी पुढे जरा बघून आलोच."

काय बघायचे होते मला? मिरवणूक. छत्तीस वर्षांचा, एका मुलाचा बाप असलेला मी, शंभरेक पावले पुढे जाऊन एका बंद दुकानाच्या फळीवर पोरासारखा चढून उभा राहिलो होतो. तिथून मागे पाहिले तेव्हा बोळातली गर्दी एकदम हेलकावा खाऊन एका अंगाला झुकताना दिसली. वाऱ्याने ज्वारीचे पीक झुकते तशी.

त्या दिवशी त्या उतारावर 39 माणसे गेली. कुणी म्हणे चांदीची नाणी उधळली ती वेचायला लोक वाकले, कुणी म्हणे अडसर तुटला. आई मला संध्याकाळी एका दवाखान्याच्या व्हरांड्यात सापडली. दोन बरगड्यांना चीर, आणि उजव्या मनगटावर दुसऱ्या कुणाच्या तरी फुटक्या काचेच्या बांगड्यांचे ओरखडे. पिठोरीचे वाण त्या वर्षी झाले नाही, हे वेगळे सांगायला नको.

बरगड्या दीड महिन्यात जुळल्या. आम्ही सर्वांनी सुटकेचा निश्वास टाकला, आणि इथेच चुकलो.

पहिली चूक पाहुण्यांची. आपल्याकडे संकटातून वाचलेल्या माणसाला भेटायला जाणे हे कर्तव्य आहे, आणि भेटायला गेल्यावर 'काय काय झाले ते सगळे सांगा' असे म्हणणे हाही त्या कर्तव्याचाच भाग समजतात. मामेबहिणी आल्या, महिला मंडळ आले, माझ्या ऑफिसातले लोक सहकुटुंब आले. प्रत्येकाला आईने पहिल्यापासून सांगावे अशी अपेक्षा. ती सांगेही. पंधरा दिवसांत ती हकीकत कीर्तनातल्या आख्यानासारखी पाठ झाली, आणि प्रत्येक आख्यानानंतरची रात्र आई अंथरुणात उठून बसून काढू लागली. मी म्हणत असे, बोलू द्या, बोलण्याने मन हलके होते. हे माझे ज्ञान मासिकांतून मिळवलेले होते.

दुसरी चूक आमची घरच्यांची. दूधवाल्याने एकदा सुटे पैसे ओट्यावर ठेवले. दोन-तीन नाणी फरशीवर घरंगळली आणि आई दाराची चौकट दोन्ही हातांनी धरून उभी राहिली. ओठ पांढरे, छाती भात्यासारखी हलते आहे, मी हाका मारतो आहे आणि तिला ऐकू येत नाही. त्या दिवसापासून घरात नाण्याचा आवाज होऊ नये असा बंदोबस्त झाला. दूधवाल्याचे पैसे महिन्याचे एकदम. माझ्या खिशातली चिल्लर रुमालात बांधलेली. चिरंजीवांची मातीची पैशांची बँक थेट माळ्यावर. देवळाच्या दानपेटीजवळून जायला नको म्हणून देऊळ बंद, रांग नको म्हणून बाजार बंद, गर्दी नको म्हणून लग्नकार्य बंद. आम्ही तिला जपत होतो. दिवाळी आली तोवर आईचे जग माजघर, स्वयंपाकघर आणि मधला चौक एवढेच उरले होते.

त्या लक्ष्मीपूजनाला पाटावर नोटा होत्या, दागिने होते, नाणी नव्हती. आईने पाटाकडे पाहिले, आमच्याकडे पाहिले, आणि म्हणाली, "लक्ष्मीला सुद्धा माझी भीती घातलीत का रे?"

भाऊबीजेच्या फराळाला माझा एक शाळूसोबती आला. तो मनोविकारांचा डॉक्टर आहे, पुण्याला असतो. त्याने आईला एकही प्रश्न विचारला नाही. चकल्यांची तारीफ केली, भाजणी कशी करता ते विचारून घेतले, आणि मला मात्र अंगणात नेऊन चांगले फैलावर घेतले. संकटातून सुटलेल्या माणसांना लगेच एकत्र बसवून सगळे वदवून घ्यायचे, अशी पद्धत परदेशात 1980 नंतर बरीच बोकाळली होती. पुढे तिची रीतसर पारख झाली तेव्हा दिसले, की अशा एका बैठकीने पुढचा त्रास टळत नाही, उलट काहींचा वाढतो. आता पहिल्या दिवसांत माणसाला हवे असते ते साधेच : निर्धोक जागा, गरम अन्न, आपली माणसे कुठे आहेत याची बातमी, आणि त्याला बोलावेसे वाटले तर ऐकणारे कुणी. वाटले तर, हे महत्त्वाचे. अशा प्रसंगातून गेलेली बहुतेक माणसे काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत, आपली आपणच सावरतात. आई सावरत नव्हती, कारण रोज उकरणेही चालू होते आणि रोज झाकणेही.

"तुझ्या घरी माळा आहे ना?" तो म्हणाला. "घाईघाईत सामान कोंबून दार लोटून घेतलंस, तर पुढच्या वेळी दार किलकिलं केलं की सगळं डोक्यावर येतं. काकूंच्या डोक्यात त्या दिवसाचं सामान तसं पडलंय. इतर आठवणींसारखं तारीख घालून नीट लावलेलं नाही. म्हणून नाणं वाजलं की त्यांना ऑगस्ट आठवत नाही. त्या ऑगस्टमध्ये असतात. एकेक वस्तू त्यांनीच खाली काढून, पुसून, परत ठेवली पाहिजे. तू माळ्याला कुलूप घालून बसलास."

माझा मित्र गप्पिष्ट आहे. उठता उठता म्हणाला, तुमच्या नाशिकने इंग्रजी भाषेला या विषयातला एक शब्द दिलाय, ठाऊक आहे? मला नव्हता. देवळालीला गोऱ्या शिपायांची छावणी होती. मुदत संपलेल्या शिपायांनी तिथे विलायतेच्या बोटीची वाट पाहायची. बोटी फक्त हिवाळ्याच्या मोसमात सुटत, त्यामुळे कैकांना महिनेन् महिने उन्हात नुसते बसून काढावे लागत. त्यांतल्या कित्येकांची डोकी फिरत. त्या फिरण्याला सोजिरांनी आपल्या उच्चाराने 'डूलॅली टॅप' म्हटले. डूलॅली म्हणजे देवळाली आणि टॅप म्हणजे आपला साधा ताप! अजूनही इंग्रज माणूस वेड्याला 'डूलॅली' म्हणतो. आमच्या देवळालीच्या थंड हवेची ही कीर्ती ऐकून मला अंमळ रागच आला.

पण त्याचे पुढचे बोलणे हसण्यासारखे नव्हते. पहिल्या महायुद्धात तोफांच्या माऱ्याखाली थरथर कापू लागलेल्या, वाचा गेलेल्या शिपायांना डॉक्टर रोगी म्हणत आणि काही सेनाधिकारी भेकड म्हणत. ब्रिटिश सैन्याने पळपुटेपणा, भ्याडपणा अशा आरोपांवरून आपलेच शेकडो शिपाई गोळ्या घालून मारले. (त्यांतल्या 306 जणांना पुढे 2006 साली मरणोत्तर माफी मिळाली. नव्वद वर्षांनी!) या दुखण्याला वैद्यकशास्त्रात आज चालते ते नाव मिळाले 1980 साली, अमेरिकेत, तेही व्हिएतनामहून परतलेल्या शिपायांमुळे. आमच्या आळीतल्या बायकांनी धसक्याला भेकडपणा कधी म्हटले नाही, एवढे श्रेय त्यांना दिले पाहिजे. आणि हे फक्त लढाईचे दुखणे नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, विसर्जन आटोपून गाव झोपले असताना किल्लारीला धरणी हलली. दगडामातीच्या जाड भिंतींखाली माणसे झोपेतच गाडली गेली. जी वाचली त्यांतल्या कित्येकांना पुढे छपराखाली डोळा लागेना. छप्पर कितीही मजबूत असो. डोळ्याला अभियांत्रिकी कळत नाही.

मित्राने घालून दिलेला उपचार ऐकायला हास्यास्पद होता. सुरुवात एका नाण्याने. आईने स्वतः, स्वतःच्या हाताने, एक रुपया परातीत टाकायचा. मन घाबरेल, घाबरू द्यायचे. पळायचे नाही. घाबरणे चढते तसे उतरतेही, हे अंगाला कळेपर्यंत बसायचे. आमच्या सौ.ने हे काम अंगावर घेतले. सासूसुना दुपारी परात घेऊन बसत. पहिले तीन दिवस आईच्या हातून रुपया सुटलाच नाही. चौथ्या दिवशी सुटला. संक्रांतीपर्यंत दोघी परातीत चिल्लर ओतून मोजत होत्या आणि मोजणीवरून भांडत होत्या.

मग रस्ता. पहिला आठवडा कोपऱ्यावरच्या वाण्यापर्यंत, दुसरा पिंपळाच्या पारापर्यंत. एखाद्या दिवशी जमत नसे. "आज नको," आई म्हणे, आणि सौ. मुकाट्याने पिशवी उलट्या दिशेला वळवी. मी असतो तर 'एवढं काय, चल' म्हटले असते. मला या मोहिमेतून वगळले होते ते योग्यच होते.

आई खरे बोलली ती या काळात. पाहुण्यांना ऐकवलेले आख्यान वेगळे, हे वेगळे. एका दुपारी मेथी निवडताना, मान वर न करता, ती सौ.ला म्हणाली, "तिचा हात माझ्या हातात होता ग." हिंदी बोलणारी एक परगावची बाई, गर्दी दाटली तेव्हा तिने आईचे मनगट धरले होते. "तिनं सोडला की मी सोडला, तेच आठवत नाही." हे शल्य पाच महिने आत होते. नाण्याच्या आवाजामागे हे होते.

'विसरा हो' या शब्दाने ते निघाले नसते. निघाले ते मित्राने फोनवर सांगितलेल्या, ऐकायला रुक्ष अशा माहितीने. चौरस मीटरमध्ये सहा-सात माणसांवर गर्दी गेली की ती माणसांची गर्दी राहत नाही, पाण्यासारखी वाहते. एका टोकाचा धक्का दुसऱ्या टोकाला लाट होऊन पोचतो. माणसे मुख्यतः तुडवली जाऊन नव्हे, उभ्या उभ्या छाती दाबून श्वास कोंडल्याने जातात. त्या लाटेत कुणाचा हात कुणी धरू शकत नाही, पहिलवानही नाही. आईने हे दोनदा समजावून घेतले. मग म्हणाली, "म्हणजे पुरासारखंच की." गोदेच्या काठी जन्म काढलेल्या बाईला पूर समजावून सांगावा लागत नाही. त्या अनोळखी बाईच्या नावाने तिने रामकुंडावर तिळांजली दिली. नाव ठाऊक नव्हते. "गोदावरीला ठाऊक असेल," म्हणाली.

रामकुंडावर! चैत्र लागेतो आई सरदार चौकातून उतरून रामकुंडावर जाऊ लागली होती. पेढे वाटावेत असा प्रसंग होता, आणि ते आणायला मी निघालो तेव्हा सौ.ने विचारले, "अहो, कुठून जाणार?"

"मालेगाव स्टँडकडून."

"गेल्या ऑगस्टपासून तुम्ही प्रत्येक वेळी मालेगाव स्टँडकडूनच जाता."

मी हसून काहीतरी उत्तर दिले. रहदारी, खड्डे वगैरे. पण ते खरे होते. सात महिने मी त्या बोळात पाऊल टाकले नव्हते आणि माझ्या ते ध्यानीही नव्हते. सगळे घर आईकडे पाहत होते, मीही आईकडेच पाहत होतो. त्यामुळे माझ्याकडे पाहायला कुणी उरले नव्हते. रात्री दोनला उठून आईच्या खोलीत श्वास चालू आहे का बघून येई, त्याला मी मातृभक्ती समजत होतो.

2004 ची पिठोरी आली. चौसष्ट योगिनींची पूजा झाली. आईने खीरपुरीचे वाण डोक्यावर धरले, माझ्याकडे पाठ केली, आणि दरसालप्रमाणे विचारले, "अतीत कोण?"

लहानपणापासून मी पाठीमागून 'मी' म्हणत आलो आहे. मिसरूड फुटल्यावर लाज वाटे, तरी म्हणत असे. त्या दिवशी शब्द फुटेना. तिने पुन्हा विचारले. मुलगा माझा सदरा ओढू लागला. तिसऱ्यांदा तिने विचारले तेव्हा माझ्या तोंडून भलतेच बाहेर पडले : "आई, मी तुला तिथं उभी करून मिरवणूक बघायला गेलो होतो."

आईने वळून पाहिले नाही. वळायचे नसते.

"ठाऊक आहे रे," ती म्हणाली. "फळीवर चढला होतास. निळा सदरा. मला दिसत होतास. तुला बघायला म्हणून मान वर केली ती तशीच ठेवली, म्हणून वरची हवा तरी मिळाली." जरा थांबून म्हणाली, "वाण घे आता. हात भरून आले माझे."

दुसऱ्या आठवड्यात मी पुण्याला मित्राकडे गेलो, आईसाठी नव्हे. त्याची हकीकत परातीतल्या रुपयाइतकीच कंटाळवाणी आहे, ती सांगत नाही. आई पुढची पर्वणी पाहीन की नाही म्हणत होती. तिने 2015 चे सिंहस्थ पाहिले, तेही माझ्या खांद्याला धरून आणि वाटभर मला सूचना देत. ते निर्विघ्न पार पडले. त्यानंतर तीन वर्षांनी ती घरी, झोपेत गेली.

आता पुन्हा सिंहस्थाची तयारी चालू आहे. रस्ते खणले आहेत, मालेगाव स्टँडकडून तर जाववत नाही, म्हणून मी सरळ सरदार चौकातून जातो. त्या ओट्यापाशी आले की माझा हात आपोआप खिशात जातो आणि चिल्लर मुठीत घट्ट धरतो. चार पावलांवर ती सोडतो. एवढे मात्र अजून आहे.