पाटीवरचे उत्तर

स्मरणिकेसाठी काही लिहावे असा संपादक मंडळाचा निरोप आला, तेव्हा आम्ही एका तुकडीच्या मित्रांनी ठरवले की वसतिगृहाच्या आठवणी इतर मंडळी लिहितीलच. आपण गणिताविषयी लिहावे. ज्या विषयाने आमच्यापैकी कित्येकांची झोप उडवली आणि एकाला तर शाळाच सोडायला लावली, त्याच्याशी आमचा हिशेब अजून पुरा झालेला नाही.

सायंकाळची वंदना आटोपली की आम्ही अभ्यासिकेतल्या सतरंजीवर बसत असू. पुस्तकाच्या शेवटी उत्तरसूची असे, आणि पुस्तकातली सर्वांत आधी मळणारी पाने तीच. उत्तर कळे, रीत कळत नसे. सुटीत घरी कोणाला विचारावे, तर आईवडील अंगठा उठवणारे. आमच्यातला एक मित्र मात्र निराळा होता. भूमितीची आकृती नुसती न्याहाळून तो उत्तर सांगे आणि ते बरोबर येई. पण रीत त्याला मांडता येत नसे. उत्तरपत्रिकेत गुण कापले जात. एकदा तर नक्कल केल्याचा ठपकाही त्याच्यावर आला. दहावीला तो गणितात राहिला आणि पुन्हा शाळेकडे फिरकला नाही.

पुष्कळ वर्षांनी आमच्यापैकी एकाच्या हाती जपानी गणिताच्या इतिहासावरचे पुस्तक आले आणि ते आम्हां सर्वांत हातोहात फिरले. तोवर जपानी माणूस जात्याच हिशेबी, एवढेच आम्ही ऐकून होतो. असली वाक्ये आम्हांला कधीच रुचली नाहीत. जन्माने कोणी हिशेबी होत नाही.

त्या पुस्तकात ‘सांगाकु’ म्हणजे गणिताच्या पाट्यांची हकीकत होती. सतराव्या शतकापासून जपानात भूमितीचे कूट सुचले वा सुटले की ते लाकडी फळीवर रंगीत आकृतीसह लिहून शिंतो देवस्थानात किंवा बौद्ध विहारात टांगण्याची चाल पडली. आज टिकून असलेल्या पाट्यांतली सर्वांत जुनी 1683 सालची आहे. एकूण सुमारे नऊशे उरल्या आहेत. टांगणाऱ्यांत सामुराई होते, व्यापारी होते, शेतकरी होते. काही पाट्यांवर स्त्रियांची आणि मुलांचीही नावे आहेत. बहुतेक पाट्यांवर प्रश्न असे, उत्तर असे, फार तर एखादे सूत्र. ते कसे आले हे बहुधा लिहिलेले नसे. येणाऱ्याजाणाऱ्याने पाहावे आणि जमले तर स्वतः सोडवावे.

1824 साली गुन्मा प्रांतात टांगलेल्या पाटीवरचे एक कूट असे: एका सरळ रेषेवर दोन वर्तुळे एकमेकांना टेकून उभी आहेत. दोघांच्या मधल्या खोबणीत, दोघांना आणि रेषेलाही टेकेल असे तिसरे छोटे वर्तुळ बसवायचे आहे. मोठ्याची त्रिज्या 36 आणि दुसऱ्याची 9 धरली, तर छोट्याची किती? उत्तर नेमके 4 येते. शाळेत शिकलेल्या पायथागोरसच्या प्रमेयापलीकडे त्याला काहीही लागत नाही. हे कळले त्या रात्री आम्हांला आनंद झाला आणि थोडा रागही आला. हे आम्हांला तेव्हा कोणी का दाखवले नाही?

उत्तर देऊन रीत झाकण्याची ही गोष्ट पाट्यांपुरती नव्हती. योशिदा मित्सुयोशी याचे ‘जिन्कोकी’ हे 1627 चे पुस्तक सोरोबान या मणीचौकटीवर हिशेब शिकवणारे, आणि ते घरोघरी गेले. 1641 च्या आवृत्तीत त्याने बारा प्रश्न उत्तराविनाच छापले. खरे गणिती असाल तर सोडवा, असे ते आव्हान. मग एकाने जुने प्रश्न सोडवायचे आणि आपले नवे सोडून जायचे, अशी परंपराच सुरू झाली. 1671 मध्ये सावागुची काझुयुकी याने असेच पंधरा प्रश्न मांडले, आणि 1674 मध्ये सेकी ताकाकाझु याने ‘हात्सुबी सांपो’ या पुस्तकात ते सोडवले. सेकी हा हिशेबतपासनिसाची चाकरी करणारा सामुराई. निश्चायकांची कल्पना त्याने 1683 मध्ये मांडली. ज्यांना आज बर्नूली संख्या म्हणतात, त्या त्याच्या मरणोत्तर ग्रंथात 1712 साली छापल्या गेल्या. बर्नूलीचा ग्रंथ, तोही मरणोत्तर, एक वर्षाने आला. सेकीच्या थोरवीविषयी आम्हांला शंका नाही.

पण त्या पुस्तकात त्याने शेवटची समीकरणे तेवढी दिली. तिथवर कसे पोहोचलो ते सांगितले नाही. साहजिकच लोकांनी संशय घेतला. तेव्हा त्याचा शिष्य ताकेबे काताहिरो पुढे झाला आणि 1685 मध्ये, वयाच्या अवघ्या एकविसाव्या वर्षी, गुरूच्या पुस्तकावर भाष्य लिहून त्याने सारी वाट उलगडून दाखवली. हाच ताकेबे पुढे पायचे मूल्य चाळिसाहून अधिक अंकांपर्यंत काढणार होता. आम्हांला मात्र तो भाष्यकार म्हणूनच अधिक जवळचा वाटतो.

तरीही सेकीच्या परंपरेत पुढे पायरीपायरीने परवाने देण्याची पद्धत रुजली. वरच्या रीती वरच्या पायरीवरच्या शिष्यालाच मिळत. विद्या अशी कुलपात ठेवली की काय होते, हे आमच्या वाचकांना जपानचा दाखला देऊन सांगायला नको. 1872 च्या शिक्षणविषयक आदेशाने शाळांत पाश्चात्त्य गणित आले आणि जुने ‘वासान’ मागे पडले. त्यानंतर अर्ध्या शतकाच्या आतच ताकागी तेइजी यांचे संख्यासिद्धांतातले महत्त्वाचे काम 1920 साली प्रसिद्ध झाले आणि 1954 मध्ये कोदाइरा कुनिहिको यांना फील्ड्स पदक मिळाले. पण ती निराळी कथा.

गेल्या दिवाळीत आम्ही त्या मित्राकडे गेलो होतो. तो आता गवंडीकाम करतो. अंगणातल्या कोब्यावर खडूने रेषा ओढून आम्ही त्याला 36 आणि 9 चे कूट घातले. त्याने ओळंब्याचा दोरा घेतला, सेंटिमीटरच्या मापाने दोन वर्तुळे काढली, खोबणीकडे जरा वेळ पाहिले आणि म्हणाला, “चार. फार तर केसभर इकडेतिकडे.”

“केसभरही नाही,” आम्ही म्हणालो.

“कशावरून?”

आम्ही दोन्ही केंद्रे जोडली. कर्ण 45, उभी बाजू 27, म्हणून आडवी 36. मग छोट्या वर्तुळाचे केंद्र दोघांशी जोडले: एकीकडे आडवे अंतर 12, दुसरीकडे 24. बेरीज पुन्हा 36. तो उकिडवा बसून प्रत्येक आकड्यावर बोट ठेवत गेला. दोनदा त्याने आम्हांला थांबवून मागे नेले.

“एवढंच होतं होय रे?” तो म्हणाला. आमच्यापैकी कोणी बोलले नाही. मग त्याने नववीतल्या मुलीला हाक मारली, खडू तिच्या हातात दिला आणि आम्ही काढलेल्या साऱ्या रेषा पायाने पुसून टाकून तिला पहिल्यापासून काढायला सांगितल्या.