शाल-श्रीफळ आणि एका आईचे दोन प्रश्न

3 ऑगस्ट हा आपल्याकडे अवयवदान दिन. 1994 साली याच दिवशी दिल्लीच्या 'एम्स'मध्ये डॉ. वेणुगोपाल आणि सहकाऱ्यांनी देशातलं पहिलं यशस्वी हृदयप्रत्यारोपण केलं. या सुमारास ठिकठिकाणी अवयवदात्यांच्या कुटुंबीयांना बोलावून दात्यांचं स्मरण केलं जातं. फिजिशियन म्हणून मीही अशा कार्यक्रमांना जातो. खरं सांगायचं तर बराच वेळ पाहुण्यांच्या भाषणांत जातो. ज्याचं लेकरू गेलंय त्याच्या खांद्यावर शाल टाकून 'सत्कार' म्हणायचं, हेही मला खटकतं. पण अशा कार्यक्रमांची खरी गरज मला चहाच्या वेळी कळली.

दात्याच्या आईने मला बाजूला घेऊन विचारलं, "डॉक्टरसाहेब, त्याची छाती हलत होती, अंग गरम होतं. माझं पोरगं तेव्हा खरंच गेलं होतं ना?" दान होऊन दोन वर्षं झाली होती. गावात कुणीतरी "घाई केलीत" म्हणालं होतं आणि तेव्हापासून ही माउली ते मनात घेऊन वावरत होती.

तिला जे सांगितलं तेच इथे सांगतो. कोमातल्या रुग्णाचा मेंदू जिवंत असतो. मेंदूमृत्यूमध्ये मेंदूचं आणि मेंदूस्तंभाचं काम कायमचं थांबलेलं असतं, श्वास घेण्याचा हुकूमच सुटत नाही. छाती हलते ती व्हेंटिलेटर हवा ढकलतो म्हणून. हृदयाची लय मात्र हृदयातच तयार होते, त्यामुळे ऑक्सिजन मिळेपर्यंत ते काही काळ चालतं आणि अंग गरम राहतं. कायद्याप्रमाणे चार डॉक्टर ही तपासणी करतात, तीही किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा. व्हेंटिलेटर थांबवून, ऑक्सिजन चालू ठेवून, स्वतःचा श्वास येतो का तेही पाहतात. प्रत्यारोपण करणाऱ्या चमूतला कोणीही या चौघांत नसतो. हे सगळं त्या रात्रीही तिला सांगितलं असणार. पण अशा रात्री कानावर पडलेलं डोक्यात शिरत नाही, ते पुन्हा, सावकाश सांगावं लागतं.

तिचा दुसरा प्रश्न अवघड होता. "त्याचं हृदय कुणाकडे आहे?" हे सांगितलं जात नाही. दाता आणि अवयव मिळालेला रुग्ण यांची ओळख गुप्त ठेवतात. पैशांची अपेक्षा, उपकाराचं ओझं, उद्या त्या रुग्णाचं काही बरंवाईट झालं तर पुन्हा तेच दुःख, अशी कारणं आहेत आणि मला ती पटतात. तिला पटली की नाही, माहीत नाही. त्या दिवशी मूत्रपिंड प्रत्यारोपण झालेला एक तरुण आला होता. त्याचं ऑपरेशन तिचा मुलगा जाण्याच्या कितीतरी आधी झालेलं, म्हणजे त्याच्यात तिच्या मुलाचं काही नव्हतं. दोघांनाही ते ठाऊक होतं. तो तिच्या पाया पडला, तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि विचारलं, "जेवण नीट जातं ना रे?"

एका गोष्टीकडे संयोजकांचं लक्ष जात नाही. काही कुटुंबं होकार देतात, पण शस्त्रक्रियेआधीच रुग्णाचं हृदय थांबतं, किंवा तपासण्यांत अवयव वापरण्याजोगे नाहीत असं निघतं. या घरांनीही तोच कठीण निर्णय घेतलेला असतो, आणि त्यांच्या वाट्याला 'कुणीतरी जगलं' हे समाधानही येत नाही. माझ्याकडे रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी येणारे एक गृहस्थ आहेत. मुलीच्या अपघातानंतर त्यांनी फॉर्मवर सही केली होती, पण पहाटे तिचं हृदय बंद पडलं. त्यांना आजवर कुठलंही निमंत्रण आलेलं नाही. "आमचं तर काही उपयोगाला आलं नाही," असं ते एकदा म्हणाले, जणू कमीपणा त्यांचाच होता.

आमच्याकडच्या संयोजकांना मी त्यांचं नाव दिलं आहे. शाल नको, नुसतं बोलवा आणि मुलीचं नाव इतरांच्या नावांबरोबर वाचा, एवढंच सांगितलं आहे.