आडनावापर्यंत सगळं ठीक

नाशिक, रविवार

प्रिय सॅम,

तुझं पत्र मिळालं. बदली पुण्याला झाली, शाळा जूनमध्ये उघडायच्या आत घर हवं, आणि तू दोन प्रश्न विचारलेस. एक, फोनवर नुसतं ‘एस. गायकवाड’ म्हणावं आणि पूर्ण नाव डिपॉझिट दिल्यावरच सांगावं का? दोन, नाहीतर सगळीकडे फिरण्यापेक्षा कॅम्प किंवा वडगाव शेरीत, चर्चच्या आसपास, आपल्याच माणसांत घर बघावं का? पत्राच्या शेवटी नगरमधल्या सावेडीच्या आपल्या फ्लॅटबद्दल एक ओळ तू सहज लिहून गेलास. तिच्याकडे मी शेवटी येते, कारण तुझ्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर मला त्या ओळीतच दिसतं.

आधी नकार कसा येतो ते पाहू. एजंटचे प्रश्न ठरलेले असतात. फॅमिली का? माणसं किती? नोकरी कुठे? आडनाव? गायकवाड म्हटलं की सगळं ठीक असतं, कारण गायकवाड मराठा असतो, बौद्ध असतो आणि आपल्यासारखा ख्रिस्तीही असतो. मग पूर्ण नाव विचारलं जातं. शमुवेल म्हटलं की एक क्षण शांतता, आणि लगेच पुढचा प्रश्न: व्हेज की नॉनव्हेज? ‘ख्रिश्चनांना देत नाही’ असं तोंडावर क्वचितच कोणी म्हणतं. ‘ओनरला विचारून सांगतो’, ‘सोसायटीत चालत नाही’, ‘तो फ्लॅट कालच गेला’ अशी वाक्यं तयार असतात. महाराष्ट्रात निम्म्याहून जास्त लोक मांसाहार करतात. खरी अडचण मटणाच्या पातेल्याची असती तर हा प्रश्न सर्वांत आधी, प्रत्येकाला आणि आडनावाच्याही अगोदर विचारला गेला असता. तो नावानंतर येतो, म्हणजे पातेलं निमित्त आहे. शिवाय ज्याला नगर जिल्ह्याची माहिती आहे, तो गायकवाड आणि शमुवेल या दोन शब्दांची बेरीज करून आपली मूळची जातही ओळखतो. म्हणजे एका नकारात कधी धर्म असतो, कधी जात आणि कधी दोन्ही. नेमकं काय होतं ते सिद्ध करणं आपल्या हातात राहत नाही.

हा आपल्या मनाचा खेळ आहे, असं म्हणणारे भेटतात. त्यांच्यासाठी एक पुरावा आहे. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली आणि परिसरात भाड्याच्या घरांची पाहणी केली. तिचे निष्कर्ष २०१५ साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त आले. फोनवर घर मागणाऱ्या सवर्ण हिंदूंपैकी कोणालाही नकार मिळाला नाही. दलितांपैकी साधारण दहातल्या चौघांना आणि मुसलमानांपैकी तिघांतल्या दोघांना एकतर नकार मिळाला किंवा जाचक अटी घातल्या गेल्या. त्या पाहणीत ख्रिस्ती नव्हते, म्हणून तिचे आकडे आपल्याला चिकटवायचे नाहीत. पण तिने एक गोष्ट उघड केली: मागणाऱ्याचा पगार, स्वच्छता, शेजारधर्म यातलं काही कळायच्या आत, फोनवरच्या नावावरून दार बंद होऊ शकतं. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात आपण १० लाख ८० हजार आहोत, म्हणजे शंभरात एकही नाही. इतक्या थोड्या लोकांची अडचण कुणाच्या आकडेवारीत येत नाही. म्हणूनच तिच्याबद्दल नीट बोलावं लागतं.

आता तुझा पहिला प्रश्न. नाव लपवू नकोस. व्यवहाराचं कारण आधी सांगते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. हल्ली ही नोंदणी बहुतेक ऑनलाइन, आधार जोडून आणि अंगठा देऊन होते. पोलीस ठाण्याला भाडेकरूची माहिती द्यायची असते, तिथेही नाव पुरं लागतं. म्हणजे ‘एस.’चा शमुवेल होणारच, फक्त टोकन दिल्यानंतर, सामान बांधून झाल्यावर आणि मुलांचे दाखले काढल्यावर होईल. तेव्हाचा नकार आजच्यापेक्षा कितीतरी महागात पडेल. पण त्याहून मोठं कारण वेगळं आहे. लपवलेलं नाव उघड झालं की मालकाला हवं ते निमित्त मिळतं: ‘यांनी आधी सांगितलंच नाही.’ भेदभाव त्याचा आणि खोटेपणाचा शिक्का आपल्यावर. शिवाय नाव लपवताना आपण मुकाट्याने कबूल करतो की त्या नावात काही खोट आहे.

यावर तू म्हणशील, घर त्याचं, मर्जी त्याची. हा आक्षेप हलका नाही आणि कायदा बऱ्याच अंशी त्याच्याच बाजूने आहे. राज्यघटनेच्या १५ व्या अनुच्छेदाने दुकानं, हॉटेलं, विहिरी, तळी, घाट आणि रस्ते धर्म-जातीच्या नावाखाली कुणाला बंद ठेवता येणार नाहीत असं सांगितलं, पण त्या यादीत भाड्याचं घर नाही. अस्पृश्यतेच्या कारणावरून राहायला जागा नाकारणं १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. धर्मावरून खासगी मालकाने नाकारलं तर तशी सरळ तरतूद सापडत नाही. सच्चर समितीने २००६ साली समान संधी आयोगाची शिफारस केली, तो आयोगही झाला नाही. तरी ‘मर्जी’ या शब्दाला मर्यादा आहे. मालकाने घर स्वतःपुरतं ठेवलं तर ती त्याची खासगी बाब. पण जाहिरात देऊन, एजंट नेमून, भाड्याचा दर लावून तो घर बाजारात उतरवतो तेव्हा त्याने दुकानच मांडलेलं असतं. एकाने नकार दिला तर ती मर्जी. एकाच इमारतीतल्या वीसजणांनी त्याच कारणाने दिला तर मागणाऱ्याच्या दृष्टीने ती वेसच, फक्त दगडाची नाही.

आणि पुष्कळदा ही मर्जी मालकाचीही नसते. ‘आमचं काही नाही हो, सोसायटी ऐकत नाही’ हे वाक्य तुझ्या कानावर येईलच. त्याला शांतपणे सांग की महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार सदनिका भाड्याने देताना संस्थेची पूर्वपरवानगी लागत नाही. सभासदाने संस्थेला आगाऊ कळवायचं आणि कराराची प्रत द्यायची, इतकंच. संस्था बिनभोगवटा शुल्क घेऊ शकते, तेही सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच. म्हणजे ज्या समितीच्या नावाने मालक हात वर करतो तिला नाही म्हणायचा अधिकारच नसतो. अनेक मालकांना हे ठाऊक नसतं. काहींना ठाऊक असतं, पण चार जिन्यांवरचा दुरावा नको असतो. पहिल्या प्रकारच्या माणसाशी बोलून उपयोग होतो, दुसऱ्यावर वेळ घालवू नकोस.

मग मालकाने कसली अटच घालू नये का? जरूर घालावी. माझं म्हणणं एवढंच आहे: अट वागण्यावर असावी, माणसाच्या ओळखीवर नसावी. भाडं पाच तारखेच्या आत, भिंतीला खिळे नकोत, पोटभाडेकरू नको, मुदत संपली की घर रिकामं करायचं, या अटी कुणीही पाळू शकतो. ‘तुम्ही अमुक नसावं’ ही अट पाळायचा मार्गच नाही. ‘एकदा घुसले की निघत नाहीत’ या भीतीलाही कायद्यात उत्तर आहे. १९९९ च्या त्याच कायद्याचं कलम २४ मुदत संपल्यावर जागा न सोडणाऱ्याला सक्षम प्राधिकाऱ्यामार्फत बाहेर काढायची सोय देतं आणि तोवर दुप्पट भरपाईही. हे संरक्षण भाडेकरूचा धर्म विचारत नाही. स्वयंपाकाचंही तसंच. मालक खालच्या मजल्यावर राहतो, जिना आणि ओटा सामायिक आहे, त्याला वास सोसत नाही, तर त्याची अट मी समजू शकते, ती देशपांड्यांना लागू असेल तितकीच गायकवाडांना लागू असेल तर. याच पुण्यात १८९० साली पंचहौद मिशनमध्ये घेतलेल्या चहावरून ग्रामण्य, म्हणजे वाळीत टाकण्याचं प्रकरण, उभं राहिलं आणि गोष्ट टिळक-रानड्यांच्या प्रायश्चित्तापर्यंत गेली. आज तो वाद कोणालाही हास्यास्पद वाटतो. चहाचा कप सुटला, पण विटाळाची ती कल्पना कपातून निघून भाड्याच्या चौकशीत जाऊन बसली.

इथे आपल्या माणसांनाही एक गोष्ट ऐकवायला हवी. घरातल्या प्रार्थनासभांची शेजाऱ्यांना धास्ती वाटते, ती सगळीच द्वेषातून येत नाही. टू बीएचकेत तीस माणसं, कीबोर्ड आणि माइक असेल तर वरच्या मजल्यावरच्या आजारी म्हाताऱ्याला तो आवाज स्तोत्राचा आहे की आरतीचा याने फरक पडत नाही. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा २००० च्या ध्वनी नियमांनी घालून दिली आहे. ती सत्यनारायणाला आहे, वाढदिवसाला आहे, आपल्यालाही आहे. तेव्हा आठवड्याची सभा घ्यायची असेल तर मालकाला आधी सांग, वेळ आणि माणसं ठरव, माइक चर्चमध्येच राहू दे. पण चार माणसांनी दार लावून केलेली संध्याकाळची प्रार्थना हा कुणाच्या परवानगीचा विषय नाही.

आता दुसरा प्रश्न. चर्च, शाळा, बाजार चालत जाण्याच्या अंतरावर असावेत म्हणून तू वडगाव शेरीत घर बघत असशील तर जरूर बघ. कुठलं दार ठोठावायचं हे ठरवायचा तुला हक्क आहे. पण ‘आपल्यातच बरं’ या वाक्यामागचा इतिहासही बघ. मुंबईत गावागावांच्या गोयंकारांनी धोबी तलावच्या बाजूला कूड उभारले. बोटीवर चढायची वाट पाहणाऱ्या खलाशाला थोड्या पैशांत पथारी, पेटी ठेवायला जागा आणि संध्याकाळी वेदीपुढे रोझरी. ज्याला शहरात कुणी नाही त्याचा तो निवारा होता. पुढे १९१५ साली गावदेवीत सारस्वतांची सहकारी गृहनिर्माण संस्था आली, १९१८ साली वांद्र्यात साल्सेट कॅथलिक संस्था आली. संस्था चांगल्या चालल्या, पण दारावर समाजाचं नाव लागलं. २००५ साली अहमदाबादच्या पारशी संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सभासदत्व आपल्या समाजापुरतं ठेवायची मुभा मान्य केली. आपल्यातल्या कित्येकांना तो निकाल दिलासा वाटला. पण जो निकाल आपल्या दारावरची पाटी राखतो, तोच दुसऱ्याच्या दारावरचीही राखतो. २०२३ साली मुलुंडमध्ये एका मराठी बाईला मराठी म्हणून कार्यालयासाठी जागा नाकारल्यावर सगळा महाराष्ट्र संतापला. त्याच संतापलेल्या मंडळींपैकी किती जणांनी आपल्या इमारतीत ‘अमुक नकोत’ ही कुजबुज कधीच ऐकली नसेल? आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. ही म्हण आपल्याला फक्त दुसऱ्यासाठी आठवते.

तू म्हणशील, ताई, मला चळवळ करायची नाही, मुलांना छप्पर हवंय. मान्य. मी तुला लढायला सांगत नाही. पहिल्याच वाक्यात पूर्ण नाव सांग, म्हणजे ज्यांना द्यायचं नाही ते लवकर गळतील आणि तुझी धावपळ वाचेल. बोलणं शक्यतो मेसेजवर ठेव. अटी करारात लिहून माग. ‘नॉनव्हेज चालेल का’ हे त्याने विचारायच्या आधी तूच विचार. आणि जो ‘हो’ म्हणेल त्याचं घर सोडताना त्याला भिंतीवर ओरखडासुद्धा सापडू देऊ नकोस. पुढच्या शमुवेलसाठी शिफारशीची चिठ्ठी तीच.

आणि आता सावेडीचा फ्लॅट. तू लिहिलंस, ‘भाडेकरू आपल्यातलाच बघ, उगाच कटकट नको.’ पुण्यातला मालक तुझ्याबद्दल नेमकं हेच वाक्य त्याच्या एजंटला सांगत असेल. जाहिरात मी लिहून ठेवली आहे: दोन बेडरूम, पाण्याची सोय, नोंदणीकृत करार, भाडं पाच तारखेपूर्वी, कुटुंबाला किंवा एकट्यालाही. जातीधर्माचा उल्लेख नाही. तुझा होकार आला की पाठवते.

बायकोला सलाम, मुलांना गोड पापे.

तुझी,
ताई