जाते नाही, येते म्हणावं

आमच्या पिढीचं इंग्रजी पाचवीत सुरू झालं. (2000 सालापासून राज्यातल्या मराठी शाळांत ते पहिलीपासून आहे, म्हणजे पोरांचा छळ चार वर्षं आधीच सुरू होतो. असो.) तेव्हा घोकलं होतं, टेक म्हणजे घेणे, गिव्ह म्हणजे देणे. मग कळलं की इंग्रजीत विद्यार्थी परीक्षा 'टेक' करतो. आमच्याकडे परीक्षा घेतात मास्तर, आणि देतो तो बिचारा विद्यार्थी! तिथे जो विश्वास उडाला तो उडालाच.

हे सगळं परत आठवायचं कारण म्हणजे आमची नवी सूनबाई. पुतण्या ह्यूस्टनला वाढला, त्याला मराठी समजतं, पण बोलताना अडखळतो. बायको मेक्सिकोची. गेल्या जुलैत दोघं पंधरा दिवस कडावला आली. लावणीचे दिवस, बाहेर धो धो पाऊस, लाइट जातेय-येतेय, आणि घरात ब्याऐंशी वर्षांची माझी आई, जिला इंग्रजीचा गंध नाही. सूनबाईला मराठीचा नाही. मधे पुतण्या. म्हणजे पोरगी मनात स्पॅनिश बोलणार, तोंडाने इंग्रजी, आणि हा त्याचं मराठी करणार. कर्जतहून कडावला यायला आधी लोणावळ्याचा घाट चढून उतरावा, तसला प्रकार.

आल्याच्या दुसऱ्याच दिवशी घोळ झाला. आईने तिच्या माहेरची चौकशी केली. वडील काय करतात? ती इंग्रजीत म्हणाली की गेल्या वर्षी मी त्यांना 'लॉस्ट'. पुतण्याने इमानेइतबारे सांगितलं, "आजी, तिचे वडील हरवले." आई घाबरलीच. "अगो बाय! मग शोधलं का नाही कुणी?" पोरगी आळीपाळीने सगळ्यांच्या तोंडाकडे बघतेय, पुतण्या लालेलाल. मी पुढे होऊन सावरलं, पण दोघी त्या दिवशी एकमेकींशी जरा चोरूनच वागल्या. त्या संध्याकाळी मी सूनबाईला म्हटलं, उद्या दुपारी वही घेऊन बसू. क्रियापदांपासून सुरुवात करू, कारण भांडण सगळं तिथंच आहे.

पडवीत बसलो. सुरुवात केली फोटोपासून. इंग्रजीत फोटो 'घेतात', आपण काढतो. ती एकदम म्हणाली, आम्हीपण काढतो! स्पॅनिशमध्ये 'साकार' म्हणजे बाहेर काढणे (हो, उच्चार साधारण आपल्या साकारसारखाच), आणि फोटोही साकार करतात. मग काय, गाडी सुटलीच. दाढ काढणे? साकार. बँकेतून पैसे काढणे? साकार. तिकीट काढणे, पासपोर्ट काढणे, झेरॉक्स काढणे, परीक्षेत दहापैकी दहा काढणे, सगळं साकार! इंग्रजीत यातल्या प्रत्येकाला वेगळं क्रियापद शोधा, शिवाय वर ते आउट, ऑफ, अप यांचं लटांबर सांभाळा. दिवस काढणे आणि खोड काढणे इथे मात्र साकारने हात टेकले. कपड्यांचंही जमेना. घालणे, नेसणे, माळणे, बांगड्या भरणे, एवढे प्रकार ऐकून तिने कपाळाला हात लावला. तिच्याकडे सगळ्याला एकच क्रियापद.

'पगार' ऐकून ती खूप हसली. तिच्या भाषेत ते क्रियापद आहे, पैसे देणे. आपल्याकडे ते पोर्तुगीजांबरोबर आलं आणि एक तारखेची वाट बघत नाम होऊन बसलं. याच रायगडात खाली कोर्लईला पोर्तुगीजांतून जन्मलेली एक बोली अजून घराघरात बोलतात, आणि तिच्यात क्रियापद मराठीसारखं वाक्याच्या शेवटी जाऊन बसतं. तेव्हा ही सोयरीक काही आमच्या घरात पहिल्यांदा झालेली नाही.

सगळ्यात मजा आली ती 'ईट अप'मधल्या त्या 'अप'ची. आपल्याकडे ते काम 'टाकणे' करतं, खाऊन टाक. स्पॅनिशमध्ये एवढासा 'से' करतो. कोमेर म्हणजे खाणे, कोमेर्से म्हणजे खाऊन टाकणे. ईर म्हणजे जाणे, ईर्से म्हणजे निघून जाणे.

तिथे ती थांबली. मग वहीत लिहून हळूच वाचलं, 'से नोस फुए'. तोच 'से'. वडिलांबद्दल त्यांच्या घरात असंच म्हणतात. मी मनात जुळवलं, आमच्यातून निघून गेले. आई शेजारीच तांदूळ निवडत होती. तिला म्हटलं, "आई, हिचे वडील गेले." आईने सूप बाजूला ठेवलं आणि तिचा हात धरून बसली. बराच वेळ.

दुसऱ्या दिवशी दोघं बालदिगंबर गणपतीला निघाली. पुतण्याने शिकवलेलं वाक्य सूनबाईने उंबऱ्यात म्हटलं, "आजी, मी जाते." आईचा चेहरा पडला. "जाते नाही गं बाय, येते म्हणावं." पुतण्या लागला वाद घालायला, अहो पण ती येत कुठेय, जातेय! मी त्याला म्हटलं, काल वहीत 'गेले' कुणाबद्दल लिहिलं ते आठव. तोवर सूनबाईची ट्यूब पेटली होती. म्हणाली, आमच्याकडे दुकानात जाताना आईला ओरडून सांगतात, 'आओरिता बेंगो'. म्हणजे आत्ता येते.

मग आईकडे वळून, कुणाला न विचारता, "आजी, येते."

हल्ली रविवारी फोन येतो. दोघी क्रियापदांवर भागवतात. आजी जेवली? जेवली. पाऊस पडला? पडला. पुतण्या मात्र अजून मला 'गेट'चं मराठी विचारतो. त्याला सांगून ठेवलंय, आधी अख्खं वाक्य बोल, मग बघू.