चावरी बँक

वीस वर्षांच्या नोकरीत मी आमच्या बँकेबद्दल लोकांच्या तोंडून बरंच ऐकलं आहे. बँक रखडवते, हेलपाटे घालायला लावते, सह्या जुळत नाहीत म्हणते. पण 'तुमची बँक चावते' ही तक्रार मी पहिल्यांदा ऐकली ती किन्हवलीला, ऐन पावसाळ्यात.

आमची एक फिरती शाखा आहे. म्हणजे एक लांबोडकी जुनी व्हॅन. शहापूरहून निघायचं, किन्हवली, सरळगाव करत मुरबाड गाठायचं. मुरबाडला रेल्वे नाही, तेव्हा आम्हीच रेल्वेसारखे उशिरा पोचतो. आत एक संगणक, एक प्रिंटर, एक पंखा आणि मी. पंख्याचं तोंड संगणकाकडे. त्याला उकाडा सोसत नाही. वीज मात्र गावोगावी शेजारच्या दुकानातून घ्यायची. त्यासाठी गाडीच्या डाव्या कुशीला बाहेरून एक पेटी बसवलेली होती. तिच्यात केबल खुपसली की बँक जिवंत व्हायची.

तर एक म्हातारी निराधार योजनेचे पैसे घ्यायला आली. अंगठा द्यायला खिडकीच्या पत्र्यावर हात टेकला आणि झटकन मागे घेतला. म्हणाली, "सायेब, तुमची गाडी चावते."

मी पत्र्याला हात लावून पाहिला. काही नाही. "आजी, वय झालं की हाताला मुंग्या येतात," असं मी तिला समजावलं. हे मी शहाणपणानं बोललो, हे इथे कबूल करतो. पुढच्या खेपेला आणखी दोघींनी तेच सांगितलं. शाखेच्या तक्रारवहीत साहेबांनी शेरा मारला : 'ग्राहकांचा गैरसमज.'

गैरसमज दूर केला तो मुरबाडच्या एका वायरमननं. आला होता स्वतःचं पासबुक भरायला. बायकांची कुजबुज ऐकली, खिशातला टेस्टर काढला आणि पत्र्याला लावला. टेस्टरमधला दिवा लागला.

"पण मला कसा शॉक बसत नाही?" मी विचारलं.

"तुम्ही चपला घालून, रबराच्या मॅटवर, गाडीच्या पोटात बसलाय. गाडी टायरवर. करंटला जायला वाट कुठाय? ती बाई अनवाणी चिखलात उभी. वाट तिच्यातनंच."

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. अर्थ शिकलो, अर्थिंग शिकलो नाही.

आधी त्यानं दुकानातली केबल काढली. मग माझ्याकडे वळून ओरडला, "यूपीएस बंद केला का?" केला नव्हता. बाहेरची वीज तोडली तरी यूपीएस आतून वीज देत राहतो, हे मला तेव्हा कळलं. चार स्क्रू काढून त्यानं पेटी बाहेर ओढली आणि आम्ही सगळे वाकून बघू लागलो. झाकण कधीच तुटलेलं, त्यामुळे आत पावसाचं पाणी. एका कोपऱ्यात कुंभारमाशीनं मातीचं घर बांधलेलं. न्यूट्रलचा स्क्रू ढिला राहिल्यानं तापून तापून भोवतालचं प्लॅस्टिक काळं पडून वितळलेलं. आणि हिरवी वायर, जिच्यावर लोकांचा जीव अवलंबून, ती गंजून तुटलेली. ओल्या पेटीतून फेजचा करंट गाडीच्या पत्र्यात उतरत होता आणि अडीच महिने खिडकीशी येणाऱ्या प्रत्येक अनवाणी बाईची वाट बघत होता.

मुख्य कार्यालयाला मी त्याच दिवशी पत्र लिहिलं. उत्तर आलं : तीन कोटेशनं मागवा. मुरबाडात पहिलं मिळालं, दुसऱ्यासाठी शहापूर गाठलं, तिसऱ्यासाठी त्याच शहापूरच्या दुकानदाराच्या मेहुण्याच्या लेटरहेडचा उपयोग झाला. तोवर गाडी विजेविना. हातानं पावत्या फाडल्या. याच मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडावर २ जानेवारी १९४३ ला भाई कोतवाल हुतात्मा झाले. त्यांच्या आझाद दस्त्यानं इंग्रजांची वीज तोडायला मोठमोठे मनोरे पाडले होते. आमची वीज तोडायला एक माशी पुरली.

नवीन इनलेट आला. निळा, सोळा अँपिअरचा, झाकणवाला. पिना गाडीच्या अंगाला, भोकं केबलच्या तोंडाला. उलटं केलं तर उघड्या पिना जिवंत राहतात. खाली रबराची गादी, वरून आणि दोन्ही बाजूंनी सिलिकॉन. खालची कड त्यानं मोकळी सोडली, शिरलेलं पाणी बाहेर पडावं म्हणून. २०२१ साली सरकारनं कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं आहे. उद्या माळशेज घाटात हौशी मंडळी चाकांवरची घरं उभी करतील, त्यांच्याही कुशीला असंच भोक असेल. त्यांनी वर्षातून एकदा तरी आत डोकावावं.

मी म्हटलं, झालं एकदाचं. वायरमन म्हणाला, "कसलं झालं? त्या दुकानातच अर्थिंग नाही. बोर्डाचं तिसरं भोक शोभेचं." म्हणून गाडीत आरसीसीबी बसली. तिचं काम त्यानं सांगितलं आणि मला पहिल्यांदा वीज समजली. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून परत आला पाहिजे. ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की क्षणात सगळं बंद. म्हणजे ट्रायल बॅलन्सच. आमचा जुळला नाही तर आम्ही रात्री नऊपर्यंत बसतो, ती बसत नाही. शिवाय मुक्कामी पोचलो की ड्रायव्हरमामा जमिनीत तांब्याची सळई ठोकून गाडीला जोडतात, वर पाणी ओततात. बघणाऱ्याला वाटावं, बँकेचं भूमिपूजनच चाललंय.

पहिल्या दिवशी म्हातारी आली. खिडकीपासून चार हात लांब उभी.

"आजी, आता नाही चावत."

"तू लाव आधी हात. खाली उतरून. चपला काढून."

रांगेतले सगळे बघत होते. मी उतरलो, चपला काढल्या. चिखल गार होता. आरसीसीबीचं बटण सकाळीच दाबून पाहिलं होतं, तरी हात पत्र्याजवळ नेताना मला मुंग्या आल्या, त्याही वय न होता. तळवा टेकवला. काही झालं नाही. म्हातारीनं मला तसंच थोडा वेळ उभं ठेवलं, मग पुढे झाली आणि यंत्रावर अंगठा ठेवला.

अंगठा जुळला नाही. पुन्हा ठेवला. पुन्हा नाही. पदराला पुसून ठेवला, तरी नाही.

"बघ बाबा," ती म्हणाली, "चावत व्हती तवा वळखत तरी व्हती."