अकरावा

आमटी उतू गेली की गॅसची निळी ज्योत क्षणभर पिवळीधमक होते. लहानपणी मला तो हळदीचा रंग वाटायचा. शाळेत कळलं, रंग मिठाचा. मिठातल्या सोडियमचा, आणि त्यातही सोडियमच्या एकाच इलेक्ट्रॉनाचा.

बाईंनी फळ्यावर खडूनं वर्तुळं काढली होती. मधे केंद्रक, पहिल्या कवचात दोन, दुसऱ्यात आठ, तिसऱ्यात एक. दोन, आठ, एक, असं आम्ही पाढ्यासारखं घोकायचो. बाहेरचा तो एकटा ठिपका मला तेव्हापासून आवडतो. आतल्या दहा जणांनी केंद्रकाची ओढ बरीचशी अडवून धरलेली असते. अकराव्यापर्यंत ती थोडीच पोचते. म्हणून सोडियम सुरीनं कापण्याइतकं मऊ. म्हणून ते रॉकेलात बुडवून ठेवायचं, पाण्यापासून लांब. आणि म्हणूनच क्लोरिन भेटला की तो एक देऊन मोकळं व्हायचं. क्लोरिनच्या शेवटच्या कवचात सात असतात, त्याला एकाचीच वाण.

कवचांची नावं के, एल, एम. ए पासून सुरुवात का नाही, हे मी तेव्हा विचारलं नाही. पुढे वाचलं, की चार्ल्स बार्क्ला यांना क्ष-किरणांचे दोन प्रकार सापडले होते. आधी त्यांनी ए, बी हीच अक्षरं वापरली. मग वाटलं, याहून भेदक किरण उद्या सापडले तर त्यांना अक्षरं कुठून आणायची? १९११ च्या सुमारास त्यांनी ती बदलून के आणि एल केली. उशिरा येणाऱ्यांसाठी पंगतीत पानं राखून ठेवावीत, तशी अलीकडची दहा अक्षरं राखून ठेवली. त्या पानांवर कुणीच येऊन बसलं नाही. किरणांची हीच अक्षरं पुढे कवचांना मिळाली, आणि के च्या आत दुसरं कवचच नव्हतं.

आणि के मध्येही जागा दोघांनाच. १९२५ मध्ये वोल्फगांग पाउली यांनी सांगितलं, की एका अणूतले कोणतेही दोन इलेक्ट्रॉन सर्वस्वी सारख्या अवस्थेत राहू शकत नाहीत. हे बंधन नसतं तर अकराही जण केंद्रकाला बिलगून बसले असते. मग कवचं कसली, अकरावा कसला आणि मीठ तरी कसलं!

पण मला सगळ्यात हलवून गेली ती ज्योतीतली गोष्ट. मिठात असेपर्यंत सोडियमचा अकरावा क्लोरिनकडे असतो. ज्योतीच्या धगीनं मिठाची वाफ होते, कण सुटे होतात आणि सोडियमला एक इलेक्ट्रॉन पुन्हा मिळतो. तीच धग त्याला वर उचलते. साधारण १६ नॅनोसेकंदांत तो खाली येतो, आणि येताना पिवळा प्रकाश सोडतो. वर म्हणजे चौथ्या कवचात, असं मी कितीतरी वर्षं धरून चालले होते. तसं नसतं. तो तिसऱ्यातच राहतो. एकाच कवचात उपकवचं असतात; खालच्यात त्याचा ढग चेंडूसारखा गोल, वरच्यात मधे चिमटलेला, दोन्हीकडे फुगलेला. माझा आवडता ठिपका ठिपका नव्हताच. हे वाचलं त्या रात्री बाईंचं वर्तुळ मनातून पुसताना हात जड झाला होता, आणि तरीही फार आनंद झाला होता.

वरच्या उपकवचातही अगदी लागून दोन पायऱ्या आहेत. म्हणून ते पिवळं एक नाही, दोन आहेत: ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटर. १८१४ मध्ये फ्राउनहोफर यांनी सूर्यप्रकाशाच्या वर्णपटाचा नकाशा काढायला घेतला, त्यात याच जागी काळ्या रेषा होत्या. सूर्यावरचं सोडियम नेमका तेवढाच प्रकाश गिळतं.

परवा आमटी उतू गेली. आच कमी करायला हात पुढे केला आणि तसाच थांबवला. आणखी थोडी उतू जाऊ दिली.