हातचं सोडून

माझ्या कॅरेक्टर शीटवर एके ठिकाणी कागद झिजून पार पातळ झालाय. तिथे जॅव्हलिनचा, म्हणजे फेकभाल्यांचा, आकडा असतो. पाच, चार, तीन. लढाई संपली की खोडून पुन्हा चार. बाकी सगळं शाईने लिहिलेलं, एवढंच पेन्सिलीने. तलवारीला आकडा लागत नाही. ती असतेच.

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळात माझा लढवय्या फेकभाल्यांवर जगतो. स्वस्त हत्यार, २०१४च्या नियमपुस्तकात चांदीची पाच नाणी. ३० फुटांपर्यंत सरळ नेम. पुढे १२० फुटांपर्यंतही फेकता येतो, पण मग वीस बाजूंचा फासा दोनदा टाकायचा आणि त्यातलं कमी दान घ्यायचं. लागला तर सहा बाजूंच्या फाशाचं दान, वर अंगातली ताकद. धनुष्याला ही ताकद धरत नाहीत, तिथे चपळाई मोजतात. भाल्याबरोबर मात्र खांदा, कोपर, मनगट सगळं जातं. हे कलम लिहिणाऱ्याने लहानपणी दगड मारून काहीतरी पाडलेलं असणार.

हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये, असं आजी सांगायची. पळणाऱ्या गॉब्लिनवर मी खंजीर फेकला तेव्हा हे अक्षरशः घडलं. खंजिराचा फासा चार बाजूंचा. तो घरंगळत नाही, खडा पडावा तसा पडतो. दान आलं एक. गॉब्लिन पळाला, आणि मागच्या दारातून दुसरा आत आला.

“तुझ्या हातात काय आहे?” खेळ चालवणाऱ्या डीएमने विचारलं.

टेबलावर शांतता. हातात काहीच नव्हतं.

या रिकाम्या हातावरून आमच्याकडे बरीच भांडणं झाली. पाचव्या पातळीला लढवय्याला एका फेरीत दोन वार मिळतात. पण २०१४च्या नियमाने एका फेरीत एकच वस्तू फुकटात उपसता येते. म्हणजे पहिला भाला गेला की दुसऱ्या वाराला हात कोरा. धनुर्धारी मात्र बाणामागून बाण सोडतोय, त्याला कुणी विचारत नाही. २०२०च्या ‘टॅशाज कॉल्ड्रन’ या पुरवणी पुस्तकाने फेकणाऱ्यांची खास शैली दिली, आणि २०२४च्या पुस्तकात फेकताफेकताच हत्यार उपसण्याची मुभा सगळ्यांनाच मिळाली. न्याय झाला खरा. पण मला तो जुना जाच आवडायचा. पहिला भाला सोडताना हात किंचित थांबायचा.

बाणांना आणखी एक सवलत होती: लढाईनंतर मिनिटभर शोधलं की निम्मे परत मिळतात. भाल्याचा तसा हिशेब नाही. तो जिथे पडला तिथे पडला, जाऊन आणायचा. गल्लीतल्या क्रिकेटसारखं, ज्याने मारला त्याने आणायचा, मग तिथे कुत्रं असो की खाष्ट काकू. इतर जण खजिन्याची पेटी उघडत असतात तेव्हा मी मेलेल्या ऑगरच्या छातीवर पाय देऊन भाला ओढत असतो. एक दरीत गेला, एक भुयारातल्या नदीत. त्यांच्यासाठी खोडरबर फिरवताना उगाच वाईट वाटतं.

आपल्या मराठ्यांनी यावर सरळ उपाय काढला होता. विटा. भाल्याच्या मागच्या टोकाला दोरी. फेकायचा आणि ओढून परत घ्यायचा. कोल्हापूरच्या मर्दानी खेळात तो आजही फिरवतात. मी डीएमला म्हटलं, माझ्या भाल्याला दोरी बांधतो. तो म्हणाला, “बांध की. पण समोरच्याने दोरी धरली तर?” मी विषय बदलला.

मग एका थडग्यात हातोडा सापडला. तोच तो, ड्वार्फ या बुटक्या जमातीचा, फेकला की आपणहून हातात परत येणारा. वर्षभर ज्याची वाट पाहिली ती चीज. उचलला, फेकला, आणि तो पलीकडच्या भिंतीला लागून धप्पकन खाली पडला. हा गुण फक्त ड्वार्फच्या हातात. माझा लढवय्या माणूस.

हातोडा ड्वार्फ खेळणाऱ्या मैत्रिणीकडे गेला. ती फेकते, तो येतो. तिच्या कागदावर काही खोडावं लागत नाही. लढाई आटोपली की ती दाराशी जाऊन उभी राहते आणि मशाल माझ्याकडे धरते.

“झालं का रे वेचून?”

“एक राहिलाय. थांब.”